ऐकणारीचं कोण ऐकतं?

मी बाक बोलतोय. सागवानी-बिगवानी नाही, साधा बाभळीचा. लोधीपुऱ्यातल्या सुपडू मिस्तरीनं मला ठोकताना पाय जरा आतच बसवले. त्यामुळं एका टोकाचा माणूस झटकन उठला की दुसऱ्या टोकाचा धपकन खाली! शाळेत होतो तेव्हा किती मास्तर पाडले, हिशेब नाही. शिक्षण म्हणाल तर चौथीच्या वर्गाबाहेर कानावर पडलं तेवढंच.

शाळेनं हाकललं आणि मी समुपदेशन केंद्रात आलो. इथं चारुलता मॅडम लोकांच्या मनातलं ऐकते. निंबोल्याहून, तुकईथडहून बाया येतात, माझ्यावर बसतात, पदरानं नाक पुसतात. इथं मी खोड्या सोडल्या. रडणाऱ्याला पाडू नये, एवढी अक्कल बाकालाही असते.

त्यांत तृप्ती होती. नवी सून. बोलताना माझी फळी नखानं कोरायची. एकदा आली नाही, दुसऱ्यांदाही नाही. मग बातमी आली, तिनं जीव दिला.

चारुलता दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला हजर! थोड्या दिवसांनी माझ्यावर बसलेल्या मालूबाईला म्हणाली, "बोल तृप्ती."

"मी मालूबाई हाये वो मॅडम!"

त्या संध्याकाळी चारुलता शिपायाला, भूपेंद्रला म्हणाली, "सोडते मी हे. दिराच्या कापडदुकानात बसेन. तिथं कुणी मरत नाही."

दर महिन्याला खंडव्याहून वैजयंतीताई यायच्या, चारुलताच्या सुपरवायझर. खरं तर तिच्या मनातलं ऐकायला. पण आपल्याकडं वरून कुणी आलं की ती तपासणीच! भूपेंद्र फरशी घासायचा. "मॅडम, रजिस्टर ऊपर रख दिया, जलेबी भी आ गई." चारुलता कडक साडी नेसून म्हणायची, "सगळं छान चाललंय ताई." वर्षभर हेच नाटक.

या खेपेला ताईंनी जलेबी बाजूला सारली आणि चारुलताला माझ्यावर बसवलं, बायांच्या जागी.

"तृप्तीचं सांग."

"फाइल बंद केली ताई."

"फाइलचं नाही विचारलं. तुझं सांग."

"माझ्यामुळं गेली ना ती? लिहा तसं एकदाचं!"

"लिहायला नाही आले मी. पहिल्या भेटीपासून सांग."

अख्खी दुपार त्यात गेली. तृप्ती काय बोलली, ही काय बोलली, दिराच्या दुकानाचं, सगळं. ताईंनी खोटी समजूत घातली नाही. "ती यायची थांबली तेव्हा मला फोन करायला हवा होतास. वाचली असती की नाही, मलाही माहीत नाही. पण तू एकटी नसतीस. आणि चूक माझीही आहे, वर्षभर मी तुझी जलेबी खात बसले."

चारुलता पोटभर रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही कुणाजवळ रडता?"

"इंदूरला माझ्या मॅडम आहेत. त्यांच्याकडं सोफा आहे. ऐटीत रडते!"

हिला हसू फुटलं. मग दोघींनी काम ठरवलं: दिवसाला माणसं कमी, मध्ये सुखाचं जेवण, अवघड वाटलं की त्याच दिवशी फोन. निघताना ताई म्हणाल्या, "दुकानात बसायचं तर खुशाल बस. पण दमलीस म्हणून जा. नालायक आहेस म्हणून जाऊ नकोस."

चारुलता गेली नाही. आता लोकांचं ऐकायला नव्यानं लागलेली रजनी तिच्यासमोर बसते आणि मनातलं सांगते.

माझी फळी मात्र मधोमध चिरलीय. भूपेंद्र प्लास्टिकच्या खुर्च्या बघतोय. आणा बापहो! मी चुलीत जाईन, जाताना त्याच्या बोटात एक कुसळ ठेवून जाईन. फक्त त्या खुर्च्या मांडताना ध्यानात ठेवा: त्यांतल्या एकीवर कधीतरी मॅडमनंही रडायला बसायचं असतं, आणि तेव्हा समोरची रिकामी नसावी.