निळ्या पडद्यावरचं वाकडं तोंड

त्या संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, दूधवाला, वरच्या मजल्यावरची शिंपीण, सगळे हात जोडून आमच्या संगणकाकडे बघत होते. पडदा निळाशार, आणि त्यावर आडवं पडलेलं पांढरं रडकं तोंड.

"मान वाकडी करून बघतोय," मंत्रानं यंत्रं सुधारणारे यंत्रमहाराज म्हणाले. "घरचाच माणूस आहे. नाराज आहे."

आई मुसमुसू लागली. संगणक बाबांचा. ते गेल्यावर वहिनी त्यावर भाषांतराचं काम करू लागली आणि तेव्हापासून हे निळं संकट मागे लागलं. सुनेनं हात लावलेला ह्यांना आवडत नाही, हे आईच्या मनानं घेतलं होतं. महाराजांनी त्याला छान खतपाणी घातलं.

त्यांचा उपाय ठरलेला. आधी संगणक बंद. मग संगणकाच्या पेटीवरची शाल बाजूला. शाल बाबांचीच, आईनं मायेनं पेटीला मागपर्यंत गुंडाळली होती. मग 'ह्रीं क्लीं सर्किटाय स्वाहा' हे चांगलं लांबलचक चालायचं. शेवटी बटण दाबलं की संगणक सुरू, आणि लोक धन्य. निघताना महाराज आठवणीनं सांगायचे, "शाल परत घाला हो, त्यांना बरं वाटतं." दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा निळा.

आज त्यांनी हुकमाचं पान काढलं. "यंत्र माझ्या स्वाधीन करा. मठात नेऊन मुक्ती देतो."

वहिनीचा चेहरा उतरला. "आई, अख्खं पुस्तक आहे त्यात. परवा द्यायचंय. दुसरीकडे उतरवून घ्यायलाही हा संगणक वेळ देत नाही."

"पुस्तक पुन्हा होईल," आई म्हणाली. "ह्यांना मुक्तीसाठी तिष्ठत नाही ठेवायचं."

माझं डोकं सणकलं होतं, पण धाकट्याचं ऐकतो कोण? म्हणून मी आत्याला बोलावून ठेवलं होतं. बाबांची थोरली बहीण, विज्ञानाची निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली, आवाज सुटला नाही. तिनं शालीखाली हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"महाराज, मंत्र म्हणा. पण आज संगणक आधीच लावायचा, आणि शाल काढायची नाही."

"तसं चालत नाही, माई."

"का? मंत्राला शाल आडवी येते?"

लोक हसले. महाराजांचा नाइलाज झाला. मंत्र सुरू, संगणक सुरू. मंत्र रंगात आला आणि पडदा निळा झाला.

"आता माझी पाळी." आत्यानं वायर काढली, शाल काढली, पेटी उघडली. आतल्या पंख्यावर धुळीचा गालिचा. तिनं तो ब्रशनं झाडला, पेटी निवू दिली आणि संगणक लावून मोठ्यानं एकोणतिसाचा पाढा म्हणू लागली. शिंपिणीनं सवयीनं हात जोडले. पाढा संपला, वहिनीचं सगळं पुस्तक उतरवून झालं, तरी पडदा शहाण्यासारखा वागत होता.

"पंखा गरम हवा मागून बाहेर टाकतो," आत्या म्हणाली. "शालीनं ती वाट बंद केली. तापलं की यंत्र चुकायला लागतं, आणि भलतंसलतं करून बसण्यापेक्षा स्वतःच थांबतं. तोच हा निळा पडदा. कारण दर वेळी उष्णताच असेल असं नाही, पण पडद्यावर खाली बिघाडाची खूण लिहिलेली असते. ती लिहून घ्या, तिचा अर्थ शोधा. महाराजांना हे ठाऊक आहे, म्हणून तर येताना शाल काढतात आणि जाताना घालायला लावतात."

महाराज चपला शोधत होते.

आईनं हळूच विचारलं, "म्हणजे हे रागावले नव्हते?"

"अगं, तुझ्या सुनेला संगणक शिकवला कुणी?"

"ह्यांनीच."

"मग? स्वतःच शिकवून तो रागावेल का? तुझा नवरा होता तो, तुला माहीत नाही?"

आई रडत रडत हसली. इतके दिवस ती आपल्याच माणसाला भीत होती, यासाठी मला महाराजांचा सगळ्यांत जास्त राग येतो. तुमच्याकडे असा पडदा आला, तर हात जोडण्याआधी तो वाचा. वाचून कळलं नाही तर जाणत्याला विचारा. मेलेल्या माणसांवर आळ घेऊ नका, त्यांना उलटून बोलता येत नाही.

शाल आता आईच्या खांद्यावर असते. तिथं ती कुणाचा वारा अडवत नाही.