पाटावरचे बोल्ट

माझा रोजचा एक नेम आहे. पहाटे उठल्यापासून पूजा होईपर्यंत बोलायचं नाही. बावीस वर्षं झाली. घरातल्यांना त्याची सवय झाली आहे, दूधवालासुद्धा नुसती मान हलवून जातो. खंडेनवमीला जे झालं ते त्या नेमामुळे झालं असं सगुणा म्हणते. मला तसं वाटत नाही. बोलत असते तरी मी विचारलं नसतं, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

सगुणा माझी नणंद. शाळेतून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आमच्याकडेच असते. दोन वर्षांपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला डायलिसिससाठी अलिबागला न्यावं लागतं. मुरुडच्या अलीकडे आमची वाडी, तिथून गाडीने दीड तास. एक खेप चुकली की तिच्या पायांना सूज येते. दोन चुकल्या तर काय होतं, ते डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. मागे एकदा एसटीने नेलं, तर परतताना रेवदंड्याच्या पुलावर तिची शुद्ध हरपली. तेव्हापासून ती म्हणते, "एसटीने नाही जायची. मरायचंच असेल तर घरी, माझ्या पलंगावर."

त्या मंगळवारी परत येताना चढावर गाडीचा क्लच गेला. महिनाभर कुरकुरत होता, म्हणून यांनी नवा सेट आणूनही ठेवला होता. कशीबशी गाडी घरी आणली. मेकॅनिक फोनवर म्हणाला, दसऱ्यानंतर बघू. भाड्याच्या गाड्या पर्यटकांनी आधीच धरलेल्या. हे रोह्याला कंपनीत तीस वर्षं फिटर होते. म्हणाले, "घरीच करतो. उद्या संध्याकाळपर्यंत उभी करतो."

क्लच बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो, आणि आमच्या गाडीत तो निघायचा तर आधी सबफ्रेम उतरवावी लागते. सबफ्रेम म्हणजे इंजिनाखालची जड लोखंडी चौकट. ती काढली की इंजिनाला खालून आधार उरत नाही, म्हणून ते वरून, छपराच्या तुळईला टांगायचं. शेजारचा चांगदेव होडीचं इंजिन उचलायची चेनकप्पी घेऊन आला.

"तुळई धरील ना रे?" यांनी विचारलं.

"विनेशभाव, तुमच्या बापसानं घातलेली हाय. धरल. तुमी धराल का त्ये बघा."

दिवेलागणीपर्यंत चौकट खाली आली. जसा एकेक बोल्ट निघाला तसा यांनी तो एका पुठ्ठ्यावर लावला. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चौकटीचं चित्र काढलं होतं आणि ज्या जागचा बोल्ट, त्या जागी भोक पाडून त्यात खोचला होता. मी ते पाहिलं नाही. मी तेव्हा आरती करत होते.

बुधवारी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पाटावर बसतं. कोयता, विळी, अडकित्ता, यांचे पाने. पहाटे आंघोळ करून मी सगळं गोळा केलं. पडवीत पुठ्ठ्यावर चौदा बोल्ट होते, तेलाने काळे झालेले. तेही घेतले. सगुणा दारात उभी होती.

"वहिनी, हे पण?"

मी मान हलवली. चिंचेने घासून, धुऊन, पुसून मी ते पाटावर मांडले. लहानापासून मोठ्यापर्यंत, एका ओळीत. एकेकाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पुठ्ठा तेलाने भिजलेला होता. तो बंबात चांगला पेटला.

हे उठून पडवीत गेले आणि परत आले. पाटापुढे बराच वेळ उभे राहिले. तोवर माझी पूजा झाली होती.

"पुठ्ठा कुठे आहे?"

मी सांगितलं.

यांचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. यांनी मला समजावून सांगितलं. चौदा बोल्ट दिसायला सारखे, पण लांबी पाच तऱ्हेची, फरक नखाएवढा. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो. हाताला वाटतं आवळला, पण चौकट धरलेली नसते. आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर चार आट्यांवर लटकतो. "आणि मग चढावर सुटतो," हे म्हणाले. "सगुणा गाडीत असताना."

सगुणा खुर्चीवर बसून पाय चोळत होती. पाय सकाळीच जड दिसत होते. "वहिनी, माझी किडनीसुद्धा बसव पाटावर," ती म्हणाली. "चिंचेने उजळली तर उजळली."

कुणी हसलं नाही, म्हणून तीच हसली.

पुढची गोष्ट यांनी विचारली नाही. पण ती मला ठाऊक होती. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत. सासूबाईंच्या हयातीत या दिवशी आमच्याकडे नारळसुद्धा दगडावर आपटून फोडत. शेजारून पाने मागावेत, तर चांगदेवाकडचेही पाटावर. आणि बोल्ट तर कुणाकडूनच मागता येत नाहीत.

"उद्या सकाळी उचलले तर?" मी विचारलं.

"सहाला निघायचं आहे. आठला तिला मशीन लावतात."

"आणि शनिवारी नेलं तर?"

हे सगुणाच्या पायांकडे बघत राहिले.

मी पुन्हा पाटापुढे बसले. हातात अक्षता घेतल्या. उत्तरपूजेचे शब्द मला पाठ आहेत, दिवस तेवढा चुकीचा होता. देवीला मी काही मागितलं नाही, कारणही सांगितलं नाही. अक्षता वाहिल्या, सतराचा पाना उचलला आणि यांच्या हातात दिला. यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

मग भोकांची खोली मोजायची होती. काडेपेटीची काडी आखूड पडली, तार वाकली. मी वाडीतल्या पडलेल्या झावळीचे हीर काढून आणले, सरळ, कोरडे. हे गाडीखाली आडवे. हीर भोकात घालायचे, तळाला टेकला की नखाने खूण करून बाहेर द्यायचे. मी खुणेवर हीर मोडून बोल्टांशी ताडून बघत होते. जुळला की मी सांगायचे. चौदा भोकांना चौदा हीर. सगुणा नव्या पुठ्ठ्यावर चित्र काढून लिहीत होती, शाळेतल्या फळ्यावर लिहायची तशा अक्षरात.

"नववा जुळला का? हळू बोलतेस वहिनी, ऐकू येत नाही."

"जुळला."

"बघा, मास्तरीणबाय परीक्षा घेताय," चांगदेव इंजिनाला हात देऊन उभा होता तिथून म्हणाला. "विनेशभाव, पास व्हा बरं."

दुपारी नवा क्लच बसला, गिअरबॉक्स वर चढला. ऊन कलल्यावर चौकट वर गेली. आवळताना प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर कुंकू तसंच होतं. यांनी ते पुसलं नाही. सूर्य बुडायच्या आत गाडी वाडीच्या वाटेवर दोनदा फिरवून आणली. चढावर ओढत होती. फक्त स्टिअरिंग सोडलं की जराशी डावीकडे जायची, कारण चौकट बसताना केसभर सरकली होती. ते पुढे कधीतरी नीट करू, असं ठरलं.

गुरुवारी सहाला दोघं निघाले. दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असतं. पूर्वी मुलांच्या वह्या असायच्या, सगुणाची पुस्तकं असायची. या वर्षी मी तो पुठ्ठा पाटावर ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. पूजा झाली तरी बोलायला घरात कुणी नव्हतं. नऊ दिवसांचा उपास सोडायचा होता. नैवेद्याचं पान वाढून मी फोन जवळ घेऊन बसले.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी सगुणाचा संदेश आला. एकच शब्द. "लावलं."

मी जेवले.

तीनला ती घरी आली, दमलेली, पण स्वतःच्या पायांनी. "तुझी गाडी सारखी डावीकडे जाते," ती चपला काढता काढता म्हणाली. "जाताना डावीकडे समुद्र होता, मला वाटलं तुझ्या बोल्टांतल्या देवीला आंघोळ घालायची आहे. येताना डोंगर होता, तर डोंगराकडेही गेली."

मग तिची नजर पाटावर गेली. पुठ्ठ्यावर तिचंच अक्षर होतं, वर कुंकू.

"एवढा तरी बंबात घालू नकोस," ती म्हणाली आणि आपल्या पलंगावर जाऊन आडवी झाली.