हेस्तेलियाचा चढ आणि आइलिफची बॅटरी

बॅटरीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. माणसांच्या बाबतीत कधीमधी चालतं. शेजारणीचा नवा स्वेटर छान दिसतोय म्हणायला माझं काय जातं? पण गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली की जे असेल ते तोंडावर सांगते. म्हणून खोऱ्यातले अर्धे लोक माझ्यावर रुसलेले असतात आणि झक मारत परत माझ्याकडेच येतात.

आइलिफ आला तो डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी. आइलिफ म्हणजे आमचा मासेवाला. त्याची पांढरी इलेक्ट्रिक व्हॅन आठवडाभर गावोगाव फिरते, बाजूची खिडकी वर उचलली की झालं दुकान सुरू. शाळेत तो माझ्यापेक्षा तीन वर्षं पुढे होता आणि तेव्हाही असाच, मिठाची गुळणी धरल्यासारखा.

"राग्नफ्रीद, बॅटरी संपली बघ," तो म्हणाला. "या गुरुवारी हेस्तेलियाच्या लोकांना फोन करून सांगतो, यापुढे वर येणं जमायचं नाही."

हेस्तेलिया म्हणजे खोऱ्याच्या टोकाला, डोंगरावरची चार घरं; तिथली त्याची फेरी गुरुवारची. गेल्या महिन्यात व्हॅन दोनदा शेवटच्या वळणावर बसली आणि ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली. ज्या गुरुवारी पोचायची, त्या गुरुवारी जेमतेम दहा टक्के उरायचे. मग तिथलीच बोर्गहिल आपल्या गोठ्यातून वायर ओढून द्यायची. दोन तास व्हॅन वीज प्यायची आणि आइलिफ तिच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी. बोर्गहिलचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दर गुरुवारी ती वॅफल करते हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. कुणालाच ठाऊक नाही असं फक्त आइलिफला वाटतं.

"चारच तर घरं," मी मुद्दाम म्हटलं. "सोडून दे की."

"सोडतोच आहे," तो म्हणाला, आणि हातातली टोपी अशी पिळत राहिला की मलाच कसंतरी झालं. मी व्हॅन लिफ्टवर चढवली.

मागचे ब्रेक खारट गंजाने धरले होते. इलेक्ट्रिक गाडीला ब्रेक फारसे लागतच नाहीत, पाय उचलला की ती आपोआप मंदावते आणि तेवढी वीज बॅटरीत परत जाते. मग न वापरलेले ब्रेक, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठात कुजतात आणि चाकाला चिकटून बसतात. चारही टायरांत हवा कमी. म्हणजे हा बाबा अर्धवट ब्रेक दाबून डोंगर चढत होता.

"रात्री कुठे ठेवतोस हिला?"

"मासळीच्या शेडमागे. वाऱ्याच्या बाजूला."

"उघड्यावर?"

"मागचं दारही किलकिलं ठेवतो," तो खुशीत येऊन म्हणाला. "उणे अठरा असतं बाहेर. मासे आत भरून ठेवले की सकाळपर्यंत कडक. थंडीचं मशीन लावायलाच नको."

मासेवाल्यालाच सुचावी अशी अक्कल. मी हातातला पाना खाली ठेवला.

"अरे शहाण्या, मासे मेलेले आहेत, त्यांना गारठा चालतो. त्यांच्या खालीच बॅटरी आहे. तिला रात्रभर गोठवतोस आणि सकाळी सांगतोस, चढ डोंगर? गारठलेली बॅटरी धड वीज देत नाही, आणि उतारावर परत मिळणारी घेतही नाही. आणि चार्जिंग?"

"संध्याकाळीच शंभर टक्के. शनिवार-रविवार लावलेलीच असते. बाबा म्हणायचे, टाकी कायम भरलेली असावी."

"तुझ्या बाबांची गाडी डिझेलची होती."

ब्रेक सोडवले, टायरांत हवा भरली आणि त्याला बसवून सगळं सांगितलं. व्हॅन शेडच्या आत, मासे बाहेर पेटीत बर्फावर, भरायचे ते सकाळी. रोजच्याला ऐंशी टक्के पुरे. फक्त गुरुवारी शंभर, तेही निघायच्या जरा आधी पूर्ण होईल असं घड्याळ लावून, म्हणजे चार्ज होता होता बॅटरी ऊबही धरते. प्लग काढण्याआधी केबिन गरम करून घे. अधूनमधून ब्रेक मुद्दाम जोरात दाब. त्याने सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि कागद घडी करून टोपीत ठेवला.

"आधी हा गुरुवार बघ," मी म्हटलं. "फोन नंतर कर."

गुरुवारी दुपारी एकलाच व्हॅन माझ्या दारात. नेहमी तीनशिवाय हा खाली येत नाही.

"पोचलास?"

"पोचलो."

"वर किती उरले?"

"सेहेचाळीस. आणि उतारावर सहा वाढले."

मी इतकी खूश झाले की त्याचा चेहरा बघायचं राहूनच गेलं. बघितला तेव्हा वाटलं, याच्या घरी कुणी गेलं की काय.

"बोर्गहिल वायर घेऊन अंगणात आली," तो म्हणाला. "मी म्हटलं, नको, सेहेचाळीस टक्के आहेत. ती म्हणाली, बरं झालं. वायर गुंडाळली आणि आत गेली."

"आणि तू?"

"मी काय. निघालो."

"वॅफलचा वास येत होता?"

"अंगणापर्यंत," तो म्हणाला आणि बुटांकडे बघत राहिला.

आता याला काय म्हणावं? पण मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार, आम्ही सगळे तसलेच. काही काम असल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. साठी उलटलेला पुरुष गुरुवारी भरदुपारी एकट्या बाईकडे नुसताच कॉफीला कसा जाईल? वायर हेच त्याचं काम होतं, आणि ते मी पाना घेऊन काढून टाकलं. मला स्वतःचाच राग आला. इतकी चांगली बॅटरी मी आयुष्यात कुणाची करून दिली नव्हती.

"गाडीची सर्व्हिसची वही आण," मी म्हटलं.

त्याने आणली. मी लिहिलं: 'लांब चढानंतर बॅटरीला प्लग लावून दोन तास विश्रांती. सक्तीची.' खाली सही केली आणि गॅरेजचा शिक्का मारला.

त्याने ते दोनदा वाचलं. कान लालबुंद झाले.

"हे खरंच लागतं?"

"मेकॅनिक तू की मी?"

तो वही छातीशी धरून गेला. मला मात्र चैन पडेना. एकोणतीस वर्षांत बॅटरीबद्दल वहीत खोटं असं पहिल्यांदाच लिहिलं होतं, तेही शिक्क्यासकट.

पुढच्या गुरुवारी साडेबाराला फोन वाजला. बोर्गहिल होती.

"राग्नफ्रीद, आइलिफने मला तुझी वही दाखवली. दोन तास लिहिलंयस तू."

बोर्गहिल चाळीस वर्षं स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करत आलेली बाई. तिला काय कळायचं राहतंय?

"हो," मी म्हटलं. "लिहिलंय खरं."

"हं," ती म्हणाली. मागे कपबशीचा आवाज आला आणि आइलिफचं हसणं. आइलिफ हसतो हे मला शाळेपासून आजवर माहीत नव्हतं. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "इथे वर थंडी फार असते गं. मला वाटतं, तीन लागत असतील."

"लागत असतील," मी म्हटलं. "मग तीन तास चार्जिंगला लाव."

"मी सांगून काय उपयोग? शिक्क्याशिवाय तो काही ऐकत नाही. वही पाठवते त्याच्याबरोबर."

मी फोन ठेवला आणि शिक्का कुठे ठेवलाय ते बघायला गेले.