पाणंदीच्या तोंडावरची भिंत

"पाणंद बुजवू नका गं. बिबट्याचं काय, तो भिंतीवरनंबी उडी मारतो. अडकतं ते माणूस," प्रयागबाई म्हणाली होती. आरतीनं हसून तिच्या हातातली दुधाची किटली घेतली आणि विषय मोडला.

डिंगोऱ्यात उसाच्या रानात प्लॉट पडले, तेव्हा पहिलं घर आरतीचं उभं राहिलं. मागच्या दारानं पाणंदीच्या शेतवाटेत उतरलं की दोनशे पावलांवर प्रयागबाई. म्हातारी एकटीच, एका गाईवर. पण शेजारच्या मळ्यातून बिबट्यानं वासरू ओढून नेलं आणि आरतीची झोपच उडाली. घरात तीन वर्षांची आरोही. सोसायटीकडं भिंतीसाठी दिलेल्या अर्जावर पहिली सही तिनंच केली. पाणंदीच्या तोंडावर भिंत झाली, वर काचा बसल्या.

"झालं का मनासारखं?" म्हातारी पलीकडून ओरडली. "आता पावणी म्हणून येते, यष्टीनं!"

ती कुठली येतेय? कॉलनीतल्या सातही गल्ल्या भिंतीशीच संपतात. गेटातून बाहेर पडायचं, बायपासनं पूल गाठायचा, मग वळसा घालून मागं यायचं. दोनशे पावलांचे चार किलोमीटर झाले.

उरला फक्त आवाज. दिवस मावळताना गोठ्याकडं निघाली की प्रयागबाई ताट बडवायची, उसात बिबट्या असला तर सरावा म्हणून. इकडून आरोही वाटीवर चमचा आपटून उत्तर द्यायची.

परवापासून ताट वाजलं नाही. फोनची रिंग जाते, उचलत कुणी नाही. आरतीनं पलीकडच्या मळ्यातल्या चांगदेवभाऊंना फोन लावला.

"आमी रान इकून कवाच ओतूरला आलो, ताई. तिकडं आता म्हातारीच तेवढी. तुमीच जवळ हायात की!"

नवरा चाकणला, कंपनीत; गाडीही त्याच्याकडंच. आरोहीला कडेवर घेऊन ती बायपासपर्यंत गेली. चालायला कड नाही, अंगावर ट्रक. पोर किंचाळायला लागली तशी माघारी फिरली. कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, तर तीन अंगठे आले आणि एक प्रश्न: "कोणत्या गल्लीत राहतात या?"

काल दिवसभर गाय हंबरत होती. आज तीही गप्प आहे. आरोही वाटी घेऊन मागच्या दारात बसलीय.

आरतीनं मग ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांनाच मेसेज पाठवला: "बायपासनं कुणी जात असाल तर पुलाखालून वळा. उसाच्या कडेला निळ्या दाराचं एकच घर आहे. प्रयागबाई म्हणून हाक मारा. ओ आली नाही तर दार ढकला. मी भिंतीच्या अलीकडंच आहे, मला येता येत नाही. एवढं बघून याच."