दोन फळ्यांची खोली

तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसवायची, ही कल्पना ज्या कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याने त्या खोलीत एक दिवस शिकवून दाखवावं. तिसरीचा फळा या भिंतीला, चौथीचा समोरच्या, आणि मधे पोरं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. नव्या बाई वर्षभर या फळ्याकडून त्या फळ्याकडे येरझाऱ्या घालत होत्या. इकडे पाढे लिहून द्यायचे, तिकडे भागाकार समजावायचा, आणि दोन्हीकडच्या चुळबुळीवर एकाच वेळी डोळे वटारायचे. देवाने दोनच डोळे दिलेत, आणि तेही एकाच बाजूला.

आज निकाल पूर्ण करून दुपारी दोनपर्यंत मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायचा होता. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पहिली-दुसरीही त्याच शिकवायच्या. निकाल बघूनच त्या नव्या बाईंच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं पत्र लिहिणार होत्या, किंवा लिहिणार नव्हत्या. घरी सासूबाई रोज विचारत होत्या, "आलं का गं पत्र?" रोज 'नाही' म्हणून म्हणून नव्या बाईंच्या तोंडाची चव गेली होती.

सकाळी त्या गणिताचे पेपर तपासायला बसल्या आणि तिसरीच्या गठ्ठ्यात शेवटून दुसऱ्या पेपरवर लाल पेन थांबला. पेपर भिंगरीचा. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. मुलगी उंच, म्हणून शेवटच्या बाकावर, आणि सारखी मान वळवून मागे बघणारी. 'भिंगरी, पुढे बघ' असं बाईंनी वर्षभरात इतक्या वेळा म्हटलं होतं की पुढेपुढे झोपेतही म्हणत असाव्यात.

भिंगरीने पेपर सोडवला होता चौथीचा.

दुसऱ्या विषयांचं ठीक होतं; श्रुतलेखन आणि तोंडी परीक्षा. गणिताचा पेपर मात्र फळ्यावर लिहून द्यायची पद्धत होती, तिसरीचा तिसरीच्या फळ्यावर, चौथीचा चौथीच्या. या कार्टीने सरळ उलटीकडचा उतरवला होता. आणि कहर म्हणजे पंचवीसपैकी अठरा गुणांची उत्तरं बरोबर होती.

बाई उठल्या. पाणी प्यायल्या. बसल्या, पुन्हा उठल्या. तिसरीच्या पेपरला शून्य, गणितात शून्य म्हणजे नापास. भागाकार येणारी पोर पाढ्यांच्या वर्गात आणखी एक वर्ष बसणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. मग वही बघून अंदाजाने चौदा गुण टाकावेत का? कोण विचारणार होतं? पण मोठ्या बाईंच्या लेखी खोटा गुण म्हणजे पाप, आणि ते वास काढून ओळखायचं त्यांचं नाक सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

त्यांनी भिंगरीची वही काढली. अक्षर सुंदर, गणितं बरोबर. जिथे चूक, तिथे शेजारणीच्या वहीतही तीच चूक. म्हणजे बाईसाहेब वर्षभर शेजारणीचं उतरवत होत्या. बाईंचं डोकंच फिरलं. पण राग पुरता चढायच्या आत त्यांना आठवलं, परीक्षेला एका बाकावर एकच मूल बसवलं होतं. मग चौथीचे अठरा गुण कुणाचं बघून आले?

पोरं मैदानात होती. खोली रिकामी. अकराच्या सुमारास, म्हणजे रोजच्या गणिताच्या तासाच्या आणि परीक्षेच्याच वेळेला, बाई बाकावर भिंगरीच्या जागी जाऊन बसल्या.

समोर तिसरीचा फळा नव्हताच. खिडकीतलं ऊन त्या चकचकीत काळ्या रंगावर पडून थेट या जागेवर येत होतं. पांढरा लखलखाट, बाकी काही नाही. सकाळी त्यांनी स्वतः लिहिलेल्या सूचनेतलं एक अक्षर दिसेना. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, शेजारणीच्या जागी सरकल्या, तर लख्ख दिसलं. परत सरकल्या, पुन्हा पांढरं. मान वळवली तर चौथीचा फळा स्वच्छ.

आणि तेव्हाच त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बाकावरून उठवेना.

पाच मिनिटांनी त्या मोठ्या बाईंना घेऊन आल्या. मोठ्या बाई गुडघे कसेबसे कोंबून त्या बाकावर बसल्या, डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, आणि म्हणाल्या, "बोलवा तिला."

भिंगरी धापा टाकत आली.

"चौथीचा पेपर का सोडवलास गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तोच दिसत होता."

"आणि वर्षभर?"

"शेजारी बघून लिहायचे. परीक्षेला शेजारी कुणी नव्हतं."

"मग दिसत नाही हे सांगितलं का नाहीस कुणाला?"

भिंगरीने नव्या बाईंकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे.

"विसरले," ती म्हणाली.

"पोरं म्हणजे ना!" मोठ्या बाई बाकातून सुटका करून घेत म्हणाल्या. "हिला आत्ता माझ्यासमोर तिसरीचा नवा पेपर द्या. कागदावर. जे गुण पडतील ते लावा. तुम्ही शोधून काढलंत, हे चांगलं केलंत. पत्र लिहितेच आहे मी."

झालं होतं. गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. नव्या बाईंनी टेबलावरचा खडू उचलला, ठेवला, परत उचलला. संध्याकाळी सासूबाईंना 'आलं' म्हणून सांगता आलं असतं. आठ वर्षांची पोर त्यांच्यासाठी खोटं बोलून उभी होती आणि चपलेच्या टोकाने फरशी उकरत होती.

"ती विसरली नाही," नव्या बाई म्हणाल्या. "तिने मला सांगितलं होतं. दोनदा. मी म्हटलं, नाटकं करू नकोस, पुढे बघ."

मोठ्या बाई दारात थांबल्या.

"पत्राचं आपण दोन वाजता बोलू," त्या म्हणाल्या, आणि पेपरसाठी कोरा कागद आणायला गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. भिंगरीने मान वर केली.

"तीनदा, बाई," ती हळूच म्हणाली. "एकदा तुम्ही चौथीचा फळा पुसत होतात."