वारा मागणारी सून

धाकट्या सुनेचं बाकी सगळं खपलं असतं, पण नवरा होडी घेऊन समुद्रात गेलेला असताना ती दारात उभी राहून वारा मागते, हे सासूबाईंच्या डोक्यात जाई. बायका वारा पडावा म्हणून हात जोडतात आणि ही बया झाडाचं पान हलतंय का ते बघते.

सून पाणी तपासायच्या कचेरीत होती. तारेला बांधलेलं यंत्र खाडीच्या तळाशी सोडायचं आणि तिथे प्राणवायू किती उरलाय ते बघायचं, हा तिचा उद्योग.

वारा पडून बरेच दिवस झाले होते. आभाळ खाडीत उतरून तिथेच झोपी गेलं होतं. घरातली माणसंही झोपेत बोलल्यासारखी बोलत. खाडीत खेकड्यांचे पिंजरे दोरीने सोडलेले होते. घर त्यांच्यावरच चाले. ऊन वाढलं की सासूबाई दोरी सैल सोडत, म्हणजे पिंजरे गार तळाला टेकत. सून म्हणाली, आई, वर ओढा. वरचं पाणी तापून हलकं झालंय, झाकणासारखं बसलंय. लाटाच नाहीत, तर ढवळणार कोण आणि खाली हवा पोचणार कशी? सासूबाईंनी विचारलं, मग मासे काय नाकाला पदर लावून बसलेत?

तिला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी घरच्या लहान होडीत तिलाच वल्ह्यावर बसवलं आणि पिंजऱ्यांपाशी नेलं.

पाणी नितळ होतं. सासूबाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पिंजऱ्यातले सगळे खेकडे वरच्या जाळीला बिलगले होते, एकावर एक, उलटे, जाळीबाहेर काढलेले पाय झोपेत हलावेत तसे हलत. खालची गार जागा मोकळी पडली होती. तिथे थांबायला कुणीच तयार नव्हतं.

त्यांनी दोरीला हात घातला. सुनेने वल्हं ठेवून दुसरं टोक धरलं. काही खेकडे मेले होते, पण बरेचसे वरच्या पाण्यात येताच हळूहळू पाय पसरू लागले.

शेवटची गाठ मारताना सासूबाईंच्या कानामागे गार लागलं. पाण्यावर सुरकुती उठली, मग दुसरी, आणि झोपलेलं आभाळ हलून फुटलं. होडी डुलू लागली. सून हसली. सासूबाईंनी आधी दूर क्षितिजाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उद्यापासून दोरी किती सोडायची ते तू सांगायचं," त्या म्हणाल्या. "आणि वारा मागायचाच असेल तर तळ ढवळेल एवढाच माग. माझा लेक अजून पाण्यावर आहे."