दर्सुवानचा न

शेवटच्या अक्षरापुढचा दगड गुळगुळीत होता — बोट तिथं अडायला हवं होतं, अडलं नाही. मुर्तिनिंगने ते पुन्हा फिरवलं. चाफ्याची ओली पाकळी चिकटली होती, ती बाजूला केली. खाली काहीच नव्हतं... नुसता काळा, थंड दगड.

नवरा जाऊन आज हजार दिवस झाले, आज थडग्यावर दगड बसवायचा. जाकार्ताहून आलेल्या प्रियम्बोदोने, तिच्या मुलाने, बापाचं नाव तिला न विचारता जुन्या जावा लिपीत कोरून आणलं होतं — बापाने जन्मभर शाळेत हीच लिपी शिकवली म्हणून. अक्षरं कॉम्प्युटरने लिहून दिली, तो सांगत होता, आणि ती ऐकत होती की नाही कोण जाणे... कारण या लिपीत प्रत्येक अक्षराच्या पोटात स्वर असतोच, तो बंद करायचा तर शेवटी एक खूण लागते, पांगकोन, म्हणजे मांडी. "अक्षराला मांडीवर घ्यायचं, की ते गप्प होतं," दर्सुवान म्हणायचा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, ओसरीवर, तांदळाच्या पिठात तिचं बोट धरून — आणि तिला हसू फुटायचं, आणि पीठ उडायचं... ती खूणच कोरायची राहून गेली होती. न मोकळाच. शेवटचा स्वर असा सुटला की जावात तो आणि त्याच्या आधीचाही ओ होतो: दर्सुवान नव्हे, दर्सुवोनो. कुणा दरबारी घराण्यातल्या परक्या माणसाचं नाव. तिचा दर्सुवान तर सायकलवरून शाळेत जायचा, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेवरही लाल शाईने चुका दाखवायचा. लोकांत शोभा होते म्हणून ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

प्रियम्बोदो आईशेजारी उकिडवा बसला. दगड उचलताना त्याचा अंगठा सोलला होता.

"बरोबर आहे ना, बू? तुम्हीच वाचा. आम्हाला कुणाला येतंय?"

सून, शेजारी, दुआ म्हणायला आलेले म्हातारबुवा, सगळे थांबले. कुणाच्याच चेहऱ्यावर शंका नव्हती.

"दर्सुवान," ती म्हणाली.

बापाचं नाव ऐकून प्रियम्बोदोने मान खाली घातली.

मग दुआ झाली, फुलं वाहिली, मंडळी जेवायला घराकडे निघाली. तुम्ही व्हा पुढे, असं सांगून ती मागे राहिली. दर्सुवान चिडला असता. मुलावर नाही, तिच्यावर — तुला दिसलं, तरी तू... पण दिसलं ते तिलाच. आज आणि पुढेही. आपण गेलो की हा दगड आपोआप बरोबर होईल, चूक आहे असं म्हणणारं कुणी उरणारच नाही. एवढे दिवस ती रोज संध्याकाळी त्याच्याकडे एकच मागत आली होती, मलाही ने. आज ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. नको. इतक्यात नको, मी असेपर्यंतच तर तू दर्सुवान... तिला मरणाची भीती वाटली, पहिल्यांदाच. आणि त्याहून जास्त, ही भीती सांगावी असं घरी कुणीच नाही याची.